खिशात मावणारी संगणक प्रणाली

संगणक ही आता केवळ जिल्ह्याच्या ठिकाणच्या कार्यालयांत आढळणारी वस्तू राहिलेली नाही. ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही म्हणजे नमुना ८, शाळेतील विद्यार्थ्यांच्या याद्या, शिष्यवृत्तीची प्रकरणे, ग्रामसभेची इतिवृत्ते अशा असंख्य नोंदी आज संगणकावर तयार होतात आणि पुष्कळदा तेथेच साठविलेल्या असतात. त्यामुळे एखाद्या सकाळी संगणक सुरूच झाला नाही, तर केवळ एक यंत्र बंद पडत नाही. गावाची अनेक कामे त्याबरोबर अडून बसतात. मार्चअखेरीच्या दिवसांत अशा प्रसंगाचे गांभीर्य किती असते, हे वेगळे सांगावयास नको.

अशा वेळी संगणक दुरुस्तीसाठी तालुक्याच्या गावी पाठविला जातो. तेथे त्यातील कार्यप्रणाली नव्याने बसविली जाते आणि योग्य दक्षता घेतली नाही, तर तसे करताना जुन्या नोंदी पुसल्या जाण्याचा धोका असतो. वस्तुतः संगणक सुरू न होणे आणि त्यातील माहिती नष्ट होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कित्येकदा यंत्र धडधाकट असते, हार्ड डिस्कवरील नोंदीही शाबूत असतात. बिघडलेली असते ती फक्त यंत्राकडून काम करवून घेणारी कार्यप्रणाली. ही कार्यप्रणाली बाहेरून, तात्पुरती पुरविता आली, तर नोंदी सुखरूप बाहेर काढता येतात. पेनड्राइव्हवरून चालणारी लाइव्ह लिनक्स प्रणाली नेमके हेच कार्य करते. तिची रचना, तिचे उपयोग आणि तिच्या मर्यादा प्रत्येक कार्यालयाने व शाळेने समजून घेणे अगत्याचे आहे.

लिनक्सची पार्श्वभूमी

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये एका कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नेल, लिहून सर्वांसाठी खुला केला. हाच लिनक्सचा प्रारंभ होय. त्यापूर्वी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती. त्या प्रकल्पातील साधने आणि टोरवाल्ड्स यांचा गाभा यांच्या संयोगातून एक पूर्ण प्रणाली आकारास आली. जनरल पब्लिक लायसन्स या परवान्यान्वये ती वापरण्यास, तिच्या प्रती काढण्यास, तिच्यात फेरबदल करण्यास आणि ती इतरांना देण्यास मुभा आहे. शाळेने किंवा पंचायतीने स्वतःच्या गरजेनुसार पेनड्राइव्ह तयार करून शेजारच्या गावाला द्यावा, यात कायद्याची अडचण येत नाही, ती याच परवान्यामुळे.

हार्ड डिस्कला हात न लावता थेट तबकडीवरून लिनक्स चालविण्याचे प्रयत्न १९९२ च्या सुमारास सुरू झाले. तथापि, ही कल्पना सर्वदूर पोहोचविली ती जर्मनीतील क्लाऊस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्स या संचाने. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संचात सुमारे २ जीबी आकाराची सामग्री दाबून ७०० एमबीच्या एका सीडीवर बसविलेली होती. पुढे सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली. मूळ तत्त्व मात्र कायम राहिले.

प्रणाली चालते कशी

कार्यप्रणालीला चालू असताना सतत काही ना काही लिहावे लागते. सीडीवर तर काहीच लिहिता येत नाही. या अडचणीवर शोधलेला उपाय मोठा कल्पक आहे. भूमापनाच्या मूळ नकाशावर ट्रेसिंग कागद पसरून त्यावर खुणा केल्या, तर पाहणाऱ्यास नकाशा आणि खुणा एकत्र दिसतात. मूळ नकाशा मात्र कोराच राहतो. लाइव्ह प्रणालीत मूळ नकाशाचे स्थान पेनड्राइव्हवरील एका दाबून भरलेल्या संचिकेला असते आणि ट्रेसिंग कागदाचे काम संगणकाची तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम, करते. संगणक बंद होताच रॅम रिकामी होते आणि सर्व खुणा नाहीशा होतात. पुढच्या वेळी प्रणाली पुन्हा पहिल्यासारखीच स्वच्छ सुरू होते.

हे टप्प्याटप्प्याने असे घडते. वीज सुरू होताच मदरबोर्डवरील फर्मवेअर पेनड्राइव्हवरचा बूट लोडर शोधते. बूट लोडर लिनक्सचा गाभा आणि त्यासोबतचा एक छोटा प्रारंभिक संच रॅममध्ये आणतो. हा प्रारंभिक संच पेनड्राइव्हवरील मुख्य संचिका हुडकून ती केवळ वाचण्यासाठी उघडतो. ही संचिका स्क्वॅशएफएस या पद्धतीने दाबलेली असते. तिच्यावर ओव्हरलेएफएस या यंत्रणेद्वारे रॅममधील लिहिण्याजोगा थर पसरला जातो आणि नंतर पडद्यावर नेहमीसारखे कामाचे पान दिसू लागते. या सर्व प्रक्रियेत संगणकाच्या हार्ड डिस्कवर आपोआप काहीही लिहिले जात नाही. बिघडलेल्या संगणकाच्या बाबतीत या गोष्टीचे मोल फार मोठे आहे.

पेनड्राइव्ह तयार करणे

यासाठी ८ जीबी क्षमतेचा पेनड्राइव्ह बहुधा पुरेसा होतो. डेबियनसारख्या प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून लाइव्ह प्रणालीची आयएसओ संचिका विनामूल्य उतरवून घेता येते. तिच्यासोबत एसएचए-२५६ नावाची ६४ अक्षरांकांची पडताळणी-खूण दिलेली असते. उतरविलेल्या संचिकेची खूण काढून ती अधिकृत खुणेशी जुळवून पाहावी. एक अक्षर जरी वेगळे आढळले, तरी ती संचिका वापरू नये. ती अपुरी उतरली असेल अथवा कोणी तिच्यात फेरफार केला असेल.

आयएसओ संचिका पेनड्राइव्हवर नुसती नकलून उपयोग होत नाही. रूफस किंवा एचर यांसारख्या साधनाने ती 'लिहावी' लागते. या क्रियेत पेनड्राइव्हवरील आधीची सर्व माहिती नष्ट होते. लिहिण्यासाठी चुकून पेनड्राइव्हऐवजी हार्ड डिस्क निवडली गेली, तर तीच पुसली जाईल. म्हणून नाव आणि आकार दोनदा पाहूनच पुढे जाणे इष्ट होय.

तयार पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना बूटची यादी उघडावी लागते. त्यासाठीची कळ उत्पादकानुसार बदलते. एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी एखादी ती सामान्यतः असते. यादीतून पेनड्राइव्ह निवडल्यावर 'लाइव्ह' हा पर्याय घ्यावा. 'इन्स्टॉल' हा पर्याय हार्ड डिस्कवर नवी प्रणाली बसविण्यासाठी असतो. नोंदी वाचविण्याच्या प्रसंगी त्याला मुळीच हात लावू नये.

बंद संगणकातील नोंदी

लाइव्ह प्रणाली सुरू झाल्यावर हार्ड डिस्कचे भाग संचिकांच्या यादीत दिसू लागतात. तेथील आवश्यक नोंदी दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा बाह्य डिस्कवर नकलून घ्याव्यात. विंडोज पूर्णपणे बंद न होता अर्धवट निद्रिस्त राहिले असेल, तर तो भाग फक्त वाचण्यासाठी उघडतो. नक्कल करण्यास तेवढे पुरेसे असते. बळजबरीने त्यावर लिहिण्याचा प्रयत्न करू नये.

डिस्कमधून खटखट असा आवाज येत असेल किंवा वाचताना ती वारंवार अडखळत असेल, तर प्रश्न प्रणालीचा नसून यंत्राचा आहे, असे समजावे. अशा डिस्कवर जितके अधिक काम करावे, तितकी हानी वाढते. महत्त्वाच्या नोंदी असल्यास संगणक त्वरित बंद करून तज्ज्ञाकडे सोपविणे श्रेयस्कर होय. जाणकार व्यक्ती अशा प्रसंगी डीडीरेस्क्यू या साधनाने प्रथम संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढून घेते आणि पुढील सर्व प्रयत्न त्या प्रतिमेवर करते.

डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांकाशिवाय लाइव्ह प्रणालीलाही आत प्रवेश मिळत नाही. हा क्रमांक कार्यालयात सुरक्षित ठिकाणी आधीच लिहून ठेवलेला असावा. युनिकोडपूर्व टंकांत टंकलिखित केलेली जुनी मराठी कागदपत्रे लिनक्सवर उघडल्यास अगम्य अक्षरे दिसतात. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. माहिती शाबूत असते. तो विशिष्ट टंक तेवढा उपलब्ध नसतो.

जुन्या संगणकांचा प्रश्न

विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० या सुरक्षा-सुविधेसह ज्या अटी आहेत, त्या अनेक जुने संगणक पूर्ण करू शकत नाहीत. हे संगणक मोडीत काढावेत, की त्यांवर लिनक्स बसवून आणखी काही वर्षे काम घ्यावे, असा प्रश्न अनेक शाळांपुढे उभा राहतो. खर्च न करता आणि जुनी प्रणाली न हलविता त्याची परीक्षा पाहण्याचा मार्ग म्हणजे लाइव्ह पेनड्राइव्ह. पडदा, ध्वनी, वायफाय, प्रिंटर व्यवस्थित चालतात काय, इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकलेखन होते काय, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन ओळखले जाते काय, हे एका दुपारी पडताळता येते. हलक्या मांडणीच्या संचासाठी २ जीबी रॅमवर काम भागते. ४ जीबी असल्यास सोयीचे होते. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून केवळ ३२ बिटी असलेल्या संगणकांसाठी नवा स्थापना-संच निघत नाही, हे लक्षात ठेवावे.

सार्वजनिक संस्थांनी अशा प्रणालींचा अवलंब करणे आपल्या देशात नवीन नाही. सी-डॅकने डेबियनच्या आधारे तयार केलेली बॉस ही भारतीय भाषांना पाठबळ देणारी प्रणाली २००७ मध्ये प्रकाशित झाली. केरळमध्ये काइट ही शासकीय संस्था शाळांसाठी लिनक्सचा स्वतंत्र संच तयार करते.

स्वतःचा संच घडविणे

तयार संचात आपल्याला हवे ते सर्व असेलच असे नाही. डेबियनमधील लाइव्ह-बिल्ड या साधनाने स्वतःचा संच घडविता येतो. त्यासाठी डेबियन बसविलेला एक संगणक, इंटरनेट आणि काही जीबी मोकळी जागा लागते. प्रथम एका रिकाम्या निर्देशिकेत 'एलबी कॉन्फिग' ही आज्ञा दिली, की आराखडा तयार होतो. त्यातील याद्यांच्या कप्प्यात हव्या त्या साधनांची नावे लिहावयाची असतात. शाळेसाठी लिब्रेऑफिस, देवनागरी टंक, आकाशदर्शनाचे स्टेलेरियम. कार्यालयासाठी टेस्टडिस्क व डीडीरेस्क्यू, अशी निवड करता येईल. संचात जावयाची स्वतःची कागदपत्रे, उदाहरणार्थ स्वाध्यायपत्रिका, वेगळ्या कप्प्यात ठेवता येतात. त्यानंतर प्रशासकाच्या अधिकाराने 'एलबी बिल्ड' ही आज्ञा द्यावी. साधन मूळ प्रणाली उभारते, यादीतील प्रत्येक वस्तू तीत बसविते, सर्व दाबून एका संचिकेत भरते आणि शेवटी बूट लोडरसह आयएसओ तयार करते. ती पेनड्राइव्हवर लिहिण्यापूर्वी क्यूईएमयू या आभासी संगणकात चालवून पाहावी.

केलेले काम कायम ठेवावयाचे असल्यास पेनड्राइव्हच्या उरलेल्या जागेत 'पर्सिस्टन्स' या नावाचा भाग निर्माण करून त्यात तशी सूचना देणारी छोटी संचिका ठेवावी लागते. शिवाय सुरू करताना तोच शब्द बूटच्या ओळीत द्यावा लागतो. परंतु त्यामुळे प्रणालीचा प्रत्येक वेळी स्वच्छ सुरू होण्याचा गुण काही अंशी कमी होतो. नोंदी वाचविण्याचा पेनड्राइव्ह म्हणूनच निराळा ठेवावा.

दक्षता

लाइव्ह प्रणालीची एक बाजू कार्यालयप्रमुखांना अंतर्मुख करणारी आहे. विंडोजच्या दारावरचा संकेतशब्द ठाऊक नसतानाही, कुलूपबंद न केलेल्या डिस्कवरील नोंदी तिच्याद्वारे वाचता येतात. जे साधन आपल्या नोंदी वाचविते, तेच दुसऱ्याच्या हाती त्या उघड्याही करू शकते. यावर उपाय म्हणजे डिस्क कुलूपबंद करणे, फर्मवेअरला संकेतशब्द लावणे आणि संगणकाच्या खोलीत कोण जाते-येते यावर लक्ष ठेवणे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकातील माहिती घेणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये कारवाईस पात्र प्रकार आहे. डेबियनच्या लाइव्ह संचाचा संकेतशब्दही सर्वांना ठाऊक असतो. त्यामुळे अशा प्रणालीवर संगणक उघडा टाकून जाणे योग्य नव्हे.

लाइव्ह पेनड्राइव्ह हा नियमित प्रतींना पर्याय नाही. नोंदींची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याची सवय हेच खरे संरक्षण होय. तथापि, ती सवय कुठे ना कुठे अपुरी पडते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणून प्रत्येक शाळेने व ग्रामपंचायतीने असा एक पेनड्राइव्ह तयार करावा, कामाची घाई नसताना तो चालवून पाहावा, त्यावर तारीख व प्रणालीचे नाव लिहावे, कोणती कळ दाबावयाची याची चिठ्ठी सोबत ठेवावी आणि वर्षातून एकदा त्यावरील संच नवा करावा. शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी आणि संगणक चालक यांपैकी किमान दोघांना तो वापरता आला पाहिजे. संगणक बदलत राहतील. त्यातील नोंदी मात्र गावाच्या आहेत, आणि एखादे यंत्र सुरू होत नाही एवढ्या कारणाने त्या गमावल्या जाऊ नयेत.