नियमाबाहेरची चव : दक्षिण फ्रान्सच्या वाइनचा मागोवा

नॅचरल वाइन म्हटले की पॅरिसमधला गजबजलेला बार, पेल्यातली गढूळ वाइन, हाताने रंगवल्यासारखे लेबल आणि चढा भाव, एवढेच डोळ्यांसमोर येते. ही गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली शहरी टूम आहे, असे फ्रान्समध्येही अनेकांना वाटते. मात्र ही वाइन जिथून येते त्या भागांत भूमध्य समुद्राकाठचे लांगदोक आणि रूसियों आघाडीवर आहेत, आणि नेमके तेच का, याचे उत्तर त्या टुमेत सापडत नाही. त्यासाठी 1907 पर्यंत मागे जावे लागते. या सव्वाशे वर्षांचा हिशेब मांडला तर दोन गोष्टी दिसतात. दक्षिणेतली नॅचरल वाइन तिथल्या दीर्घ हलाखीतून उरलेल्या भांडवलावर उभी राहिली : स्वस्त जमीन, म्हातारे वेल आणि कोणाला नको असलेल्या द्राक्षजाती. आणि या प्रदेशाची चव राखण्यासाठी जे नियम झाले, त्यांच्यापेक्षा त्या नियमांबाहेर राहिलेल्या बागायतदारांनीच ती जास्त राखली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. अमेरिकन खुंटावर कलमे करून बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण लांगदोकमध्ये त्या डोंगरउतारांवरून सपाटीवर उतरल्या. तिथे आरामों या जातीचे राज्य सुरू झाले. हेक्टरी वीस हजार लिटरच्याही पुढे वाइन देणारी ही जात. रंग फिका, चव पाणचट. रेल्वे होती, उत्तरेतला गिरणी कामगार गिऱ्हाईक होता, त्यामुळे काही काळ सगळे सुरळीत चालले. पुढे अल्जीरियाची गडद वाइन येऊ लागली, साखर आणि पाणी घालून बनवलेली नकली वाइन बाजारात फिरू लागली आणि भाव कोसळले. द्राक्षाचा भाव पडला की गावाचे काय होते, हे नाशिक-सांगलीच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. आर्जेलिए गावच्या मार्सेलं आल्बेर या छोट्या बागायतदाराने आंदोलन उभे केले आणि 9 जून 1907 रोजी मोंपेलिएमध्ये किमान पाच लाख माणसे रस्त्यावर आली. नार्बोनमध्ये सैन्याच्या गोळीबारात माणसे मरण पावली, आणि याच भागातल्या पोरांची भरती असलेल्या 17 व्या पायदळ पलटणीने बंड केले. आंदोलकांच्या फलकांवर खऱ्या, नैसर्गिक वाइनचा जयजयकार होता आणि भेसळ करणाऱ्यांना विष घालणारे म्हटले होते. 29 जूनला सरकारने साखर-पाण्याच्या भेसळीविरुद्ध कायदा केला.

त्या कायद्याने वाइन शुद्ध झाली, पण चांगली झाली नाही. पेल्यात द्राक्षाचाच रस आहे एवढी हमी मिळाली. द्राक्ष कुठले, वेलावर किती, कोणत्या जमिनीतले, याची चौकशी कोणी केली नाही. पुढची पन्नास-साठ वर्षे दक्षिणेची वाइन टँकरने विकली गेली. तिच्यातला पाणचटपणा झाकायला अल्जीरियाची वाइन मिसळली जाई. 1962 मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर तीही सोय हळूहळू संपली. त्याच सुमारास फ्रेंच माणूस वाइन कमी पिऊ लागला. साठच्या दशकात माणशी वर्षाला शंभर लिटरहून अधिक असलेला खप पुढे निम्म्याखाली आला, आणि कमी झाला तो नेमका रोजच्या जेवणाबरोबरच्या स्वस्त लाल वाइनचा. मार्च 1976 मध्ये मोंरदों इथे बागायतदार आणि पोलीस यांच्यात गोळीबार झाला. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस मेला. त्यानंतर युरोपीय अनुदान घेऊन बागा उपटण्याचे पर्व सुरू झाले.

प्रदेशनामाचा दर्जा, म्हणजे गावाचे किंवा भागाचे नाव लेबलवर लावण्याचा हक्क, इथे उशिरा आला : फोजेर आणि सँ-शिनियाँला 1982 मध्ये, कॉर्बिएर आणि मिनर्व्वाला 1985 मध्ये. या दर्जाने उत्पादनावर मर्यादा घातली, बागा पुन्हा उतारावर नेल्या. त्याचे श्रेय नाकारता येत नाही. पण त्याच्याबरोबर ‘सुधारक’ जातींचा आग्रहही आला. सिरा (आपल्याकडची शिराझ), ग्रनाश आणि मूर्वेद्र लावा. कारिन्याँ कमी करा. कारिन्याँ ही तेव्हा फ्रान्समधली सर्वाधिक लागवडीची काळी जात, आंबट, तुरट आणि भरघोस म्हणून बदनाम. सपाटीवरच्या कारिन्याँला ती बदनामी शोभतही होती. मात्र साठ-सत्तर वर्षांचा, शिस्टच्या खडकात रुतलेला, वेलामागे मोजके घड देणारा कारिन्याँ ही वेगळीच चीज होती. नियमाने दोघांना एकाच मापाने मोजले. शिवाय प्रदेशनाम हवे तर दोन-तीन जातींचे मिश्रण हवे. निव्वळ कारिन्याँची वाइन कितीही उत्तम असली तरी तिला गावाचे नाव मिळेना.

दर्जाच्या चौकटीबाहेरही मोठी वाइन होऊ शकते, हे आधी दाखवले ते एरो जिल्ह्यातल्या आन्यान गावच्या एमे गिबेर यांनी. भूगोलतज्ज्ञ आंरी आंजाल्बेर यांनी त्यांच्या जमिनीची थोरवी सांगितली, बोर्दोचे वाइनतज्ज्ञ एमिल पेनो सल्ल्याला आले आणि मास द दोमास गासाक या बागेची 1978 ची पहिली लाल वाइन ‘एरोची देशी वाइन’ अशा किरकोळ नावाखाली निघाली. चारच वर्षांत गो-मियो या खाद्यमार्गदर्शकाने तिची तुलना बोर्दोच्या नामांकित शातो लाफितशी केली. पण त्या वाइनचा कणा काबर्ने सोव्हिन्याँ होता, म्हणजे बोर्दोची जात. दक्षिणेची जमीन सिद्ध झाली, दक्षिणेचे द्राक्ष अजून उपेक्षितच होते.

ती उणीव 1990 नंतरच्या पिढीने भरून काढली. काही स्थानिक, काही बाहेरून आलेले. बाहेरच्यांना बरगंडीत एक एकर परवडत नव्हता. इथे अनुदानासाठी उपटायला ठेवलेली जुनी बाग थोड्या पैशांत मिळे. हवाही अनुकूल. त्रामोंतान हा कोरडा वारा पावसानंतर पाने झटपट सुकवतो, त्यामुळे डावणीचा उपद्रव अटलांटिककाठापेक्षा कमी आणि फवारणीही कमी. सेंद्रिय वाइनचे मिलेझिम बिओ हे प्रदर्शन 1993 मध्ये याच भागातल्या बागायतदारांनी सुरू केले, हा योगायोग नव्हता. फोजेरमध्ये दिदिए बाराल वेलांमध्ये गुरे चारू लागले. रूसियोंतल्या काल्स गावात जेरार गोबी यांनी आधी गडद, दणकट वाइन केली आणि मग वाट बदलून तोडणी लवकर आणली, अल्कोहोल उतरवले. त्यांच्या शेजारी दक्षिण आफ्रिकेत वाढलेले टॉम लुब मातासा या नावाने ग्रनाश ग्री आणि माकाबेव आंबवू लागले. या वाइनच्या लेबलवर बहुधा प्रदेशनाम नसते. 2009 पर्यंत तर कोणत्याही प्रदेशाचे नाव नसलेल्या ‘टेबल वाइन’वर हंगामाचे वर्षही छापता येत नसे; काही जण ते लॉट क्रमांकात दडवून गिऱ्हाइकाला खूण पटवीत.

तंत्रही बरेचसे घरचेच होते. 1934 मध्ये नार्बोनच्या संशोधन केंद्रात मिशेल फ्लांझी ताजी द्राक्षे कार्बन डायऑक्साइडमध्ये टिकवून पाहत होते. न चिरडलेल्या मण्याच्या आतच किण्वन सुरू होते आणि त्याला निराळाच सुवास येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. अख्खे घड बंद टाकीत ठेवण्याच्या या पद्धतीत सालीतला तुरटपणा कमी उतरतो, म्हणून ती कारिन्याँला मानवते. बोजोलेचे रसायनज्ञ झ्युल शोवे यांनी तिला बागेतलेच यीस्ट आणि वाइन टिकवण्यासाठी घालतात त्या सल्फाइटला फाटा यांची जोड दिली. चाखताना फरक लगेच कळतो. चिरडून, लाकडी पिंपात मुरवलेला तरुण कारिन्याँ जिभेच्या कडा आवळतो. अख्ख्या घडाचा कारिन्याँ आधी लाल फळांचा रस देतो, मग आंबटपणा वर येतो आणि शेवटी रानातल्या थाइम-रोझमेरीसारखा किंचित कडसर वास मागे राहतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे : बिनसल्फाइटच्या वाइनमध्ये दोष इतके की प्रदेश बाजूला राहतो आणि तबेल्याचा, नाहीतर उंदराच्या बिळाचा वास येतो. उंदराचा हा दोष मोठा लबाड आहे. वाइनच्या आम्लतेत तो दबून राहतो, पेल्यात नाक घातले तरी कळत नाही. घोट गिळल्यावर लाळेने आम्लता घटली की काही क्षणांनी तोंडभर पसरतो. त्याला ‘नैसर्गिक’ म्हणून खपवणे ही गिऱ्हाइकाची फसवणूकच. अख्ख्या घडाच्या पद्धतीने ठिकठिकाणच्या वाइन एकसारख्या लागतात, हेही खरे. पण सरसकट यंत्राने तोडलेले द्राक्ष, पाकिटातले यीस्ट आणि सल्फाइटची मोठी मात्रा यांनी येणारा एकसुरीपणा काही कमी नसतो; तो फक्त स्वच्छ असतो. दोष वाइन करणाऱ्याचा, तत्त्वाचा नव्हे. काल्सची चुनखडीतली पांढरी वाइन आणि फोजेरच्या शिस्टवरची लाल वाइन शेजारी ठेवल्या तर जमीन बोलते, आणि दोन्हींत भर घातलेले काही जवळपास नसते.

दुसरा आक्षेप असा की नियम नसले की 1907 ची भेसळ परत येईल. तशी भीती होती, म्हणूनच 2020 मध्ये बागायतदारांनी स्वतःची सनद करून सरकारी मान्यता मिळवली : सेंद्रिय द्राक्ष, हाताने तोडणी, बागेतलेच यीस्ट आणि एकूण सल्फाइट लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या आत. युरोपात साध्या लाल वाइनला 150 ची मुभा आहे, सेंद्रिय लाल वाइनला 100 ची. वाइनमधले घटक जाहीर करण्याची सक्ती युरोपात आली ती त्यानंतर, डिसेंबर 2023 मध्ये.

तिसरा आक्षेप आकड्यांचा. या बागा मूठभर, त्यांनी प्रदेश तरत नाही. मान्य. आजही दक्षिणेची बरीच वाइन सहकारी टाक्यांत बनते, आणि अलीकडे सरकारने बाग कायमची उपटायला हेक्टरी 4,000 युरो देऊ केले. 28 जून 2019 रोजी एरोमधल्या व्हेरार्गला 46 अंश तापमान झाले, वेलांची पाने भाजून निघाली. पण याच उन्हात हिशेब फिरतो आहे. ‘सुधारक’ सिरा दुष्काळात कोमेजते. उशिरा पिकणारा, आंबटपणा धरून ठेवणारा कारिन्याँ टिकतो. तो आज हाताशी आहे, कारण अनुदान नाकारून काहींनी तो राखला आणि प्रदेशनाम सोडून त्याची वाइन केली.

म्हणून दक्षिण फ्रान्सची बाटली निवडताना लेबलवरच्या गावाच्या नावावर विसंबू नये. द्राक्षाची जात, वेलांचे वय आणि बागायतदाराचे नाव आधी पाहावे. वाइन नासकी निघाली तर ‘नॅचरल’ शब्दाची भीड न धरता परत करावी. प्रदेशनामाच्या नियमांनीही आता मोठ्या मनाने जुन्या कारिन्याँला पुरते दार उघडावे. ज्या बागांनी चव राखली त्यांना गावाचे नाव नाकारणे यापुढे शोभणारे नाही.