एका बक्षीसपत्राने राखलेला नदीकाठ

नदीकाठची जमीन ही कायम वादाची जमीन. पूर आला की नदी तिच्यावर हक्क सांगते, पूर ओसरला की वाळूवाला, वीटभट्टीवाला आणि बांधाशेजारचा शेतकरीही सांगतो. अशी जमीन पिढ्यान्‌पिढ्या राखायची तर नुसत्या तळमळीने भागत नाही, कागदही पक्का लागतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील जेनेसी नदीच्या काठी लेचवर्थ नावाचे राज्य उद्यान आहे. त्याची हकिगत ही अशाच पक्क्या कागदाची हकिगत आहे. एका व्यापाऱ्याने १८५९ मध्ये तिथे जमीन घ्यायला सुरुवात केली, मरणापूर्वी हजार एकर राज्याला बक्षीस दिले आणि आज तेच उद्यान सुमारे १४,३५० एकरांचे झाले आहे. शेतकऱ्यांनी आणि गावकारभाऱ्यांनी लक्ष घालावे असे त्यात बरेच काही आहे.

न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारतींचे शहर येते. पण त्याच नावाचे राज्य फार मोठे आहे आणि शहर सोडले की शेती, दुभती जनावरे, सफरचंदाच्या बागा असा सगळा ग्रामीण मुलूख लागतो. जेनेसी नदी दक्षिणेला पेनसिल्व्हानिया राज्यात उगम पावते, उत्तरेकडे वाहते आणि रॉचेस्टर शहरातून पुढे जाऊन ओंटारिओ सरोवराला मिळते. वाटेत पोर्टेज गावापाशी तिने खडक कापून खोल घळ केली आहे. काही ठिकाणी कडे साडेपाचशे फुटांहून उंच आहेत. एकापाठोपाठ तीन मोठे धबधबे आहेत. त्यांतला मधला १०७ फुटांचा. या घळीच्या दोन्ही काठांनी सुमारे सतरा मैल, म्हणजे सत्तावीस किलोमीटरपर्यंत उद्यान पसरले आहे.

आधीचे मालक

ही जमीन मुळात कोणाची, हे आधी पाहिले पाहिजे. जेनेसीचे खोरे सेनेका या आदिवासी लोकांचे. नदीच्या गाळाच्या सपाट जमिनीत ते मका, घेवडा आणि भोपळा पिकवत. १७९७ मध्ये बिग ट्री येथे तह झाला आणि जेनेसीच्या पश्चिमेकडील बहुतेक मुलूख त्यांच्या हातून गेला. त्यांच्यासाठी काही तुकडे तेवढे राखून ठेवले.

त्यांतला गार्डो नावाचा १७,९२७ एकरांचा तुकडा मेरी जेमिसन या बाईच्या नावे झाला. ही बाई जन्माने गोरी. पोरवयात लढाईच्या धामधुमीत पळवली गेली, पुढे सेनेकांनी तिला आपल्यात घेतले आणि ती जन्मभर त्यांच्यातच राहिली. गार्डोच्या काळ्या गाळात तिने कित्येक वर्षे शेती केली. पण गोऱ्या वस्त्या चहूबाजूंनी वाढल्या. १८२३ मध्ये तिची बहुतेक जमीन विकली गेली आणि १८३१ मध्ये उरलेलीही सोडून ती बफेलोजवळच्या सेनेका वस्तीत राहायला गेली. १८३३ मध्ये ती वारली. आज गार्डोचा तो भाग उद्यानातच येतो. उद्यानाची गोष्ट सांगताना ही पहिली बेदखली विसरून चालणार नाही.

व्यापारी आणि बोडके डोंगर

सेनेका गेले आणि लाकूडवाले आले. धबधब्याच्या पाण्यावर सॉ मिल चालू लागली. उतारावरची झाडे पडली. नदीकाठाने कालवा खणला गेला आणि १८५२ मध्ये घळीवर रेल्वेचा लाकडी पूल उभा राहिला. मोठमोठी झाडे त्या पुलातच गेली. डोंगर बोडके झाले, उताराची माती पावसाबरोबर नदीत जाऊ लागली. हे चित्र आपल्याला काही नवीन नाही.

विल्यम प्रायर लेचवर्थ हा बफेलो शहरातला व्यापारी. खोगीर आणि लगामाला लागणाऱ्या लोखंडी सामानाच्या धंद्यात त्याने पैसा केला होता. रेल्वेच्या पुलावरून त्याने पहिल्यांदा हा धबधबा पाहिला असे सांगतात. १८५९ मध्ये त्याने मधल्या धबधब्याजवळची जागा विकत घेतली. नंतर शेजारची शेते जशी विक्रीला येतील तशी तो घेत गेला. एकदम मोठा सौदा नाही, तर आज हा तुकडा, उद्या तो. असे करत करत हजार एकरांचा सलग पट्टा झाला. सॉ मिल बंद केली, झाडे लावली, पायवाटा काढल्या. रॉचेस्टरचा विल्यम वेब्स्टर हा बागांचा जाणकार त्याने आखणीसाठी बोलावला. आणि महत्त्वाचे म्हणजे एवढा खर्च करूनही त्याने लोकांना बंदी केली नाही. येईल त्याला धबधबा पाहता येत असे.

सेनेकांची आठवणही त्याने राखली. वर कॅनडीया येथे त्यांचे जुने सभागृह पडायला आले होते. ते खोलून आणून त्याने आपल्या जागेत पुन्हा उभे केले आणि १८७२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे सेनेका आणि मोहॉक वंशजांची सभा भरवली. १८७४ मध्ये मेरी जेमिसनच्या अस्थीही तिथेच आणून पुरल्या. मात्र आठवण परत आली म्हणून जमीन परत मिळाली असे झाले नाही, हेही खरे.

धरणाचा बेत आणि दानाचा कागद

१८९८ मध्ये एका कंपनीला पोर्टेजजवळ नदीवर धरण बांधण्याची सनद राज्याकडून मिळाली. वीज, पाणी, पूरनियंत्रण अशी कारणे पुढे केली होती. धरण झाले असते तर धबधब्याचे पाणी तुटले असते आणि चाळीस वर्षांची मेहनत वाया गेली असती. लेचवर्थचे वय तेव्हा पंचाहत्तर. त्याला बायकामुले नव्हती. आपल्यामागे ही जमीन कोणाच्या हाती जाईल आणि तिचे काय होईल, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला.

त्याने १९०६ मध्ये हजार एकर जमीन न्यूयॉर्क राज्याला बक्षीस दिली. पण नुसती दिली नाही, कागदात अटी घातल्या. पहिली अट, जमीन कायमची सार्वजनिक उद्यान म्हणूनच राहावी. दुसरी, आपण जिवंत असेपर्यंत वहिवाट आपली. तिसरी, देखभाल निसर्गस्थळे आणि ऐतिहासिक जागा राखणाऱ्या एका नामांकित संस्थेकडे असावी. राज्याच्या विधिमंडळाने त्यासाठी कायदा केला आणि जानेवारी १९०७ मध्ये गव्हर्नर चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी त्यावर सही केली. म्हणजे एका बाजूला बक्षीसपत्र आणि दुसऱ्या बाजूला कायदा, असा दुहेरी बांध झाला. त्यानंतरही धरणाचे बेत निघत राहिले, पण धबधब्यावर धरण झाले नाही. १ डिसेंबर १९१० रोजी लेचवर्थ वारला.

हजाराचे चौदा हजार

आता कोणी म्हणेल, हजार एकर त्याने दिले, मग बाकीचे तेरा हजार कुठून आले? इथेच या गोष्टीची खरी मेख आहे. घळ सतरा मैलांची, आणि दान फक्त वरच्या टोकाचे. खालच्या उतारावर कोणी झाडे तोडली तर त्याची झळ सगळ्या नदीला लागणार. पण मध्ये एक राखलेला, कायद्याने बांधलेला तुकडा असल्यामुळे राज्याला पुढे सरकायला पाया मिळाला. शेजारच्या जमिनी घेत घेत नदीच्या दोन्ही काठांचा पट्टा जोडत नेला गेला. १९३० मध्ये देखभालही संस्थेकडून राज्याच्या उद्यान खात्याकडे आली.

तेवढ्यात मंदीची लाट आली. कारखाने बंद पडले, तरुण पोरे बेकार झाली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये बेकार तरुणांसाठी जंगल आणि माती राखण्याच्या कामांची योजना काढली. आपल्या रोजगार हमीची आठवण यावी अशीच. पोरांना महिना तीस डॉलर मिळत, त्यांतले पंचवीस घरी पाठवावे लागत. लेचवर्थ उद्यानात या पोरांच्या छावण्या पडल्या. आज तिथे दिसणारे कितीतरी रस्ते, दगडी कठडे, पूल आणि मुक्कामाच्या खोल्या त्यांच्या हातच्या आहेत. त्यांनी झाडेही लावली. मंदी गेली, काम मात्र राहिले.

धरण आलेच, पण खालच्या अंगाला

पुराचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. १८६५ मध्ये रॉचेस्टर शहरात पाणी शिरून मोठे नुकसान झाले होते. खोऱ्यातल्या सपाट शेतांत तर वारंवार पाणी घुसे. ज्याचे उभे पीक वाहून जाते त्याला धबधब्याचे कौतुक सांगून काय उपयोग? अखेर १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याखाली धरण मंजूर झाले आणि १९४८ ते १९५२ या काळात लष्कराच्या अभियांत्रिकी खात्याने ते बांधले. जागा मात्र पोर्टेजची नव्हे, तर घळीच्या खालच्या टोकाला माउंट मॉरिस येथील निवडली गेली.

हे धरण आपल्या ओळखीच्या धरणासारखे नाही. त्याला कालवे नाहीत, वीजघर नाही. एरवी नदी त्यातून सरळ वाहते. पूर आला की दरवाजे लावायचे, पाणी घळीत साठवायचे, आणि खाली नदी उतरली की हळूहळू सोडायचे. त्यामुळे वरचे धबधबे वाचले आणि खालच्या शेतांना आधार मिळाला. पण फुकट काहीच मिळत नाही. पाणी साठले की उद्यानातली तळजमीन बुडते, मागे गाळ आणि वाहून आलेली लाकडे राहतात. शिवाय कोणतेही धरण पुराचा पूर्ण विमा नसतो. जून १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाच्या पावसाने धरण माथ्यापर्यंत भरत आले, पाणी वरून उलटू नये म्हणून दरवाजे उघडावे लागले आणि खालच्या शिवारात पाणी शिरलेच.

गावदप्तरात पाहण्याजोगे

अमेरिकेतले कायदे वेगळे, तिथली जमीनधारणा वेगळी. तरी या हकिगतीतून ग्रामसभेत विचारण्याजोगे प्रश्न निघतात. गावाला शाळेसाठी, देवराईसाठी, तळ्यासाठी कोणी जमीन दिली असेल तर ती कशासाठी दिली हे कागदावर आहे का? की सगळा व्यवहार तोंडी, आणि देणारा गेल्यावर साक्षीदारही गेले? सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्याची नोंद आहे का? देखभाल कोणी करायची हे ठरले आहे का? नदीकाठचा राखलेला तुकडा एकटाच आहे, की त्याला लागून असलेले गायरान आणि वनजमीन जोडून सलग पट्टा करता येईल? आणि त्या जमिनीवर आधीपासून कोण वहिवाटत होते, त्यांचे काय झाले?

लेचवर्थच्या अटी एका कागदात मावल्या, पण कोणत्या जमिनीचे पुढे काय व्हावे हे त्यात स्पष्ट होते. शंभर वर्षांत धरणाचे बेत झाले, मंदी येऊन गेली, जुना रेल्वेपूल जाऊन २०१७ मध्ये नवा झाला. हजार एकरांवरची ती पहिली अट अजून लागू आहे. आपल्या गावाचे दप्तर तलाठी आणि ग्रामसेवकांकडे आहे. येत्या ग्रामसभेपूर्वी ते एकदा उघडून पाहायला हरकत नाही.