खेड्यातल्या माजी महिला सैनिक आणि त्यांचा दवाखाना : अमेरिकेतली गोष्ट

आजचा विषय अमेरिकेतला आहे, तेव्हा आधी एक शब्द समजून घेऊ. आपल्याकडे ‘माजी सैनिक’ म्हटलं की पेन्शन घेऊन गावी आलेले सुभेदारसाहेब डोळ्यांसमोर येतात. तिकडे ‘व्हेटरन’ म्हणजे दोन-चार वर्षं सैन्यात काढून परतलेली तिशीतली बाईसुद्धा. पाळीच्या तक्रारी, गरोदरपण, लहान मुलं, हे सगळं तिच्यापुढे असतं. या लोकांच्या उपचारांसाठी सरकारचं स्वतंत्र खातं आहे, त्याला बोलताना ‘व्हीए’ म्हणतात. सुमारे १७० मोठी रुग्णालयं आणि हजारावर लहान दवाखाने, एवढा त्याचा पसारा.

हा पसारा उभा राहिला तो पुरुषांसाठी. १९८० सालच्या जनगणनेत अमेरिकेतल्या बायकांना पहिल्यांदा विचारलं, की तुम्ही सैन्यात होतात का? बारा लाख जणींनी ‘हो’ सांगितलं! तोवर त्यांची धड मोजदादच नव्हती. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी, मॅमोग्राफी यांसारख्या सेवा त्यांना मिळाव्यात असं कायद्यात स्पष्टपणे आलं, ते १९९२ मध्ये.

आता खेड्याकडे वळू. मोंटाना नावाचं राज्य आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा जास्त, लोकसंख्या जेमतेम अकरा लाख. तिथलं व्हीएचं मुख्य रुग्णालय हेलेना शहराजवळ आहे. पूर्वेकडच्या माइल्स सिटीहून तिथे जायचं तर सुमारे सहाशे किलोमीटर, आणि हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ. आपण म्हणतो, अंतर हाच प्रश्न आहे. पण लहान दवाखाना जवळ असला तरी प्रश्न सुटत नाही, आणि का सुटत नाही ते जरा नीट बघण्यासारखं आहे.

अशा दवाखान्यात दिवसभर येणारे बहुतेक पुरुष. रक्तदाब, साखर, गुडघे. बाई येणार कधीतरी एखादी. मग स्त्रियांची अंतर्गत तपासणी करण्याचा डॉक्टरांचा सराव राहत नाही. सराव नाही म्हणून ते तिला शहरात पाठवतात. एकदा असं झालं की ती पुढच्या वेळी येतच नाही. आणि ती येत नाही, म्हणून वरचे अधिकारी म्हणतात, इथे बायका आहेतच कुठे?

मॅमोग्राफीचं उदाहरण घ्या. अमेरिकन नियमाप्रमाणे या चित्रांवर निदान देणाऱ्या डॉक्टरने दोन वर्षांत किमान ९६० चित्रं तपासलेली असावी लागतात. नियम योग्यच आहे, कमी सरावाचा डोळा गाठ चुकवू शकतो. पण लहान गावात एवढ्या बायका आणायच्या कुठून? म्हणून २०२२ च्या एका कायद्याने वेगळी वाट धरली : चित्र गावाजवळ काढायचं आणि ते वाचायचं दूरच्या मोठ्या केंद्रात बसलेल्या तज्ज्ञाने. प्रवास चित्राने करायचा, बाईने नाही.

दुसरा उपाय पैशाचा. २०१८ च्या कायद्यानंतर नियम असा झाला, की साध्या उपचारांसाठी सरासरी अर्ध्या तासापेक्षा आणि तज्ज्ञाकडे जायला तासापेक्षा जास्त गाडी चालवावी लागत असेल, तर बाहेरच्या डॉक्टरकडे जा, बिल व्हीए देईल. आपल्या ‘ईसीएचएस’ योजनेतल्या संलग्न रुग्णालयांसारखंच काहीसं. ऐकायला छान आहे. पण अमेरिकेच्या ग्रामीण भागात खाजगी रुग्णालयांचेच प्रसूती विभाग एकामागून एक बंद पडतायत. बिल भरायला सरकार तयार, पण बिल करणारा कोणी नाही! व्हीए स्वतः सहसा बाळंतपण करत नाही. त्यामुळे गरोदर बाईसाठी एक समन्वयक नेमलेली असते. ती फोनवरून विचारपूस करते, बाहेरच्या डॉक्टरांचे कागद जुळवते. ही साधी व्यवस्था मला फार मोलाची वाटते.

एक नाजूक गोष्टही बोलायला हवी. व्हीएमध्ये विचारलं जातं तेव्हा साधारण तीनपैकी एक बाई सांगते, की सैन्यात असताना तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला किंवा तिचा छळ झाला. याचे उपचार मोफत आहेत, त्या वेळी तक्रार नोंदवली होती का, याचा पुरावा लागत नाही. पण शहरात नेणाऱ्या गाडीत सगळे अनोळखी पुरुष असतील, तर अशी बाई त्या गाडीत चढेल का? प्रवासभत्ता देऊन ही अडचण मिटत नाही. घरून व्हिडिओवर समुपदेशन मिळालं तर फरक पडतो, मात्र त्यासाठी गावात इंटरनेट हवं.

म्हणून मला सगळ्यांत पटलेला उपाय दिसायला अगदी लहान आहे. डॉक्टरांना शहरात प्रशिक्षणाला बोलावण्याऐवजी प्रशिक्षकांचं पथकच ग्रामीण दवाखान्यात जातं. तिथल्याच डॉक्टरांकडून आणि नर्सकडून तपासणीचा प्रत्यक्ष सराव करून घेतात. नर्सलाही शिकवतात हे महत्त्वाचं. तपासणीच्या वेळी बाईजवळ उभी राहते ती नर्स, आणि डॉक्टर बदलून गेले तरी गावातली नर्स बहुधा तिथेच असते. नव्या डॉक्टरांना काय-काय लागतं, हे मग तीच सांगते.