चैत्र-वैशाखातले पाणी : उजनी आणि कोकण किनारा

● उजनी जलाशय : एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी अनेकदा या पातळीखाली उतरते.

● मुख्य मासे : चिलापी, कटला, रोहू, मरळ, वाम.

● प्राणवायू : २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. पहाटे तो सर्वांत कमी, त्यामुळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून आटत्या डबक्यातही तगते.

● किनाऱ्याजवळ : सकाळी समुद्र बहुधा शांत, दुपारनंतर वायव्येचा वारा. मेअखेरीस लाटा वाढतात.

● उधाण आणि भांग : अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण (मोठी भरती-ओहोटी), अष्टमीच्या सुमारास भांग (लहान भरती-ओहोटी). खुंटांना बांधलेली डोल जाळी प्रवाहावर चालते. उधाणात बोंबील, जवळा, कोळंबी जाळ्यात येतात. भांगात ओढ मंदावते.

● हंगामाची अखेर : पश्चिम किनाऱ्यावर केंद्राची ६१ दिवसांची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. पावसाळा हा अनेक माशांचा विणीचा काळ. राज्याच्या सागरी हद्दीसाठी, म्हणजे १२ सागरी मैलांपर्यंत, राज्य सरकारचा त्या वर्षीचा आदेश पाहावा.