दहावी, बारावी आणि विमा एजंट

2000 साली आलेल्या विमा नियमांत एक गंमत होती. पाच हजार किंवा त्याहून जास्त वस्तीच्या ठिकाणी राहणाऱ्याला एजंट व्हायचं तर बारावी पास असणं सक्तीचं होतं. त्याहून लहान गावातल्याला दहावी पुरत होती. बेलवली म्हणायला गाव, पण कुळगाव-बदलापूर नगरपालिकेच्या हद्दीतलं, आणि 2001 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 98 हजारांच्या घरात गेलेली. त्यामुळे बेलवलीत दहावीवर शाळा सोडलेल्याला परवाना बंद. बारवी धरणाच्या बाजूला एखाद्या छोट्या गावात राहणाऱ्या दहावी पासला मात्र तो खुला, आणि बेलवलीत येऊन पॉलिसी विकायला त्याला कुणाची आडकाठी नव्हती.

त्याआधी असा प्रश्नच येत नसे. 1938 च्या विमा कायद्यातल्या कलम 42 नुसार एजंटाला परवाना लागे, पण त्यासाठी परीक्षा द्यावी लागत नसे. तेव्हा बाजारात कंपन्यांची गर्दी होती. साताऱ्यात वि. ग. चिरमुले यांनी 1913 मध्ये वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स काढली होती. 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि 245 विमा कंपन्या व प्रॉव्हिडंट सोसायट्या एकाच छत्राखाली आल्या. 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ प्रत्यक्ष उभं राहिलं, तोवर देशमुख मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडून मोकळे झाले होते.

पुढची चार दशकं एजंट घडला तो डेव्हलपमेंट ऑफिसरच्या हाताखाली. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीसारखा मोठा कारखाना असलेल्या पट्ट्यात ‘पगार बचत योजना’ हे एजंटाचं हुकमी हत्यार. हप्ता थेट पगारातून कापला जायचा. पॉलिसी लॅप्स होण्याची धास्ती कमी, दारोदार हप्ते गोळा करण्याची कटकटही नाही. ओळखीपाळखी आणि चिकाटी एवढंच भांडवल. सरकारी नोकराला एजन्सी घेता येत नसे, म्हणून कागदावर बायकोचं नाव आणि प्रत्यक्षात फिरणारा नवरा, हा प्रकार महाराष्ट्रात कुणालाच नवा नाही.

विमा क्षेत्रात सुधारणा सुचवणाऱ्या मल्होत्रा समितीचा अहवाल 1994 मध्ये आला, 1999 च्या कायद्यानं विमा नियामक प्राधिकरण अस्तित्वात आलं आणि 2000 मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडलं. त्याच वर्षीच्या नियमांनी एजंटाला वर्गात बसवलं. आयुर्विमा किंवा सर्वसाधारण विमा यांपैकी एकच विकायचा तर 100 तासांचं प्रशिक्षण, दोन्ही विकायचे तर 150. त्यानंतर मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची परीक्षा, मग अडीचशे रुपये भरून तीन वर्षांचा परवाना. मागितल्यावर गिऱ्हाइकाला परवाना दाखवायचा आणि त्यानं विचारलं तर आपलं कमिशन किती तेही सांगायचं, असं नियमांत स्पष्ट लिहिलेलं. विचारणारं गिऱ्हाईक मात्र विरळाच.

गिऱ्हाइकाचा प्रश्न वेगळाच असे: ‘पहिल्या हप्त्यात किती सोडणार?’ आपल्या कमिशनातला वाटा परत देणं कलम 41 नं गुन्हा ठरवलं होतं, पण दंड होता जास्तीत जास्त पाचशे रुपये. वीस हजारांच्या वार्षिक हप्त्यावर कायद्याची कमाल मर्यादा धरली तर पहिल्या वर्षी 35 टक्के, म्हणजे सात हजार रुपये एजंटाला मिळू शकत. अशा सौद्यात पाचशे रुपयांना कोण भितो? 2015 च्या दुरुस्तीनं हा दंड दहा लाखांपर्यंत नेला.

आरोग्य विम्याचं गणित उलटं. सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणला 1986 मध्ये, पण बरीच वर्षं आयुर्विम्याच्या एजंटाला त्यात फारसा रस नव्हता. कारण सरळ आहे. आयुर्विम्यात पहिल्या वर्षीचं घसघशीत कमिशन आणि बहुतेक वेळा मुदत संपल्यावरच उद्भवणारा दावा. आरोग्य विम्यात साधारण 15 टक्के कमिशन आणि घरात कुणी ना कुणी दर दोन-चार वर्षांनी दवाखान्यात. कॅशलेस नाकारलं गेलं की पहिला फोन एजंटालाच येतो. खरं कसब लागतं ते इथे: जुना मधुमेह प्रस्ताव अर्जात लिहिला होता का, खोलीभाड्याची मर्यादा किती, आधीच्या आजाराची प्रतीक्षा मुदत संपली का. ही उत्तरं पॉलिसी घेतानाच ठरलेली असतात, दाव्याच्या वेळी ती बदलता येत नाहीत.

नियम मात्र सैल होत गेले. 2007 मध्ये शंभर तासांचे पन्नास झाले. 2011 मध्ये ‘आयसी-33’ हा नवा अभ्यासक्रम आला आणि उमेदवार धडाधड नापास होऊ लागल्याची ओरड कंपन्यांनी केली. डिसेंबर 2014 च्या अध्यादेशानं आणि मग 2015 च्या कायद्यानं सरकारी परवानाच निकालात काढला. आता परीक्षा पास झालेल्याला कंपनी स्वतः नेमणूकपत्र देते आणि एजंटाच्या वागण्याची जबाबदारीही कंपनीवर येते. दहावी सगळीकडे पुरते, त्यामुळे बेलवलीवरचा तो जुना अन्याय मिटला. प्रशिक्षण 25 तास. परीक्षा एक तासाची, 50 प्रश्नांची, मराठीतूनही देता येणारी. पास व्हायला 35 टक्के गुण. उमेदवाराला आयुर्विम्याची एक, सर्वसाधारण विम्याची एक आणि फक्त आरोग्य विमा विकणारी एक, अशा तीन कंपन्यांचं काम घेता येतं.

परवाना गेला याचं दुःख करण्याचं कारण नाही. चुकीची पॉलिसी गळ्यात मारणारा परवानाधारक आधीही होताच. खटकतं ते प्रमाण. माल जितका गुंतागुंतीचा झाला, तितके तास घटले. 2011 मध्ये आरोग्य विम्याची पोर्टेबिलिटी आली, एप्रिल 2020 पासून ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी, त्याच जुलैत ‘कोरोना कवच’, आणि एप्रिल 2024 पासून आधीच्या आजाराची कमाल प्रतीक्षा चारवरून तीन वर्षांवर. हे सगळं ज्यानं समजावून सांगायचं, त्याला पन्नासातली अठरा उत्तरं बरोबर आली की पुरतं.

9 डिसेंबर 2024 रोजी महामंडळाची ‘विमा सखी’ योजना सुरू झाली. 18 ते 70 वयाच्या दहावी पास स्त्रियांसाठी असलेल्या या योजनेत पहिल्या वर्षी महिना सात हजार, दुसऱ्या वर्षी सहा आणि तिसऱ्या वर्षी पाच हजारांपर्यंत विद्यावेतन आहे, अर्थात ठरलेलं काम केलं तर. कमिशन वेगळं. मुंबईची लोकल पकडून रोजचे तीन-चार तास प्रवासात घालवणं ज्यांना जमत नाही, अशा बदलापूरच्या बायकांना यात अर्थ दिसू शकतो. नवऱ्याच्या धंद्याला आजवर जिचं नाव वापरलं जायचं, ती आता स्वतःच्या नावावर स्वतः फिरेल. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही शून्यावर आला. ‘हप्त्यावर वर टॅक्स कशाला?’ या प्रश्नाला उत्तर देण्यातून एजंटाची सुटका झाली. खोलीभाड्याच्या मर्यादेचा प्रश्न अजून त्याला कुणी विचारत नाही.