कोरिओलिस वेब कन्सोल

हा लेख मेघ-स्थलांतराच्या संगणकप्रणालीविषयी आहे. भौतिकशास्त्रातील संकल्पनेसाठी पाहा: कोरिओलिस परिणाम.

कोरिओलिस वेब कन्सोल हा कोरिओलिस या मेघ-स्थलांतर मंचाचा, ब्राउझरमधून (न्याहाळकातून) वापरावयाचा दर्शनी भाग होय. एका मेघसेवेतील आभासी यंत्रे दुसऱ्या मेघसेवेत नेण्याचे काम कोरिओलिस करते. कोणते यंत्र, कोठून कोठे आणि केव्हा न्यावयाचे हे वापरकर्ता या कन्सोलवरून सांगतो आणि कामाची प्रगतीही तेथेच पाहतो. कोरिओलिसची निर्मिती क्लाउडबेस सोल्युशन्स या कंपनीने केली असून मंचाचा गाभा व कन्सोल हे दोन्ही ग्नू ॲफेरो सार्वजनिक परवान्याखाली मुक्तस्रोत स्वरूपात उपलब्ध आहेत. कन्सोलची मांडणी मोजक्या आज्ञांत पूर्ण होते. परंतु त्याच्याद्वारे एकाच वेळी दोन मेघसेवांच्या किल्ल्या हाताळल्या जातात. म्हणून कन्सोल कोठे चालवावा, तो कोणत्या पत्त्याशी बोलेल आणि ते बोलणे सुरक्षित कसे राहील, हे निर्णय आज्ञांपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरतात.

## पार्श्वभूमी

एका प्रत्यक्ष संगणकाची साधनसामग्री विभागून तिच्यावर अनेक स्वतंत्र संगणक चालत असल्याचा व्यवहार निर्माण करता येतो. अशा प्रत्येक संगणकास आभासी यंत्र म्हणतात. संस्था आपली आभासी यंत्रे कधी स्वतःच्या इमारतीतील व्हीएमवेअर प्रणालीवर, कधी ओपनस्टॅकवर, तर कधी ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस किंवा मायक्रोसॉफ्ट ॲझ्युर यांसारख्या सार्वजनिक मेघसेवांवर ठेवतात. खर्च, परवान्यांच्या अटी, यंत्रसामग्रीचे जुनेपण अथवा कायद्याने घातलेली बंधने यांमुळे ही जागा बदलण्याची वेळ येते.

आभासी यंत्राची डिस्क ही शेवटी एक मोठी फाइलच असली, तरी तिची नक्कल केल्याने स्थलांतर पूर्ण होत नाही. घर बदलताना सामान नव्या जागी पोचले म्हणजे पाणी व वीज आपोआप सुरू होत नाही, तसेच हे आहे. प्रत्येक मेघसेवेची डिस्कची मांडणी, जाळ्याची रचना व आवश्यक ड्रायव्हर वेगळे असतात. उदाहरणार्थ, व्हीएमवेअरवर चाललेले यंत्र केव्हीएमवर आधारित ओपनस्टॅकमध्ये न्यावयाचे असेल, तर त्यात सहसा विर्टआयओ प्रकारचे ड्रायव्हर असावे लागतात; अन्यथा यंत्राला स्वतःची डिस्कही ओळखता येत नाही. डिस्कवरील कार्यप्रणालीत असे आवश्यक फेरफार करण्याच्या प्रक्रियेस कोरिओलिसमध्ये ‘ओएस-मॉर्फिंग’ असे नाव आहे.

## रचना

कोरिओलिसची उभारणी ओपनस्टॅकच्या धर्तीवर झालेली आहे. त्यातील प्रमुख घटक असे:

* एपीआय सेवा – बाहेरून आलेल्या मागण्या स्वीकारते.
* कंडक्टर – मागणीचे लहान लहान कामांत विभाजन करून त्यांचा क्रम लावतो.
* वर्कर – मेघसेवांशी प्रत्यक्ष संपर्क साधून ती कामे पार पाडतो.
* कीस्टोन – वापरकर्त्याची ओळख पटवून त्यास ठरावीक मुदतीचे टोकन देते.
* बार्बिकन – मेघसेवांचे परवलीचे शब्द व किल्ल्या सांकेतिक स्वरूपात जपून ठेवते.

यांपैकी कीस्टोन व बार्बिकन हे मूळचे ओपनस्टॅकचे घटक आहेत. वेब कन्सोल या सर्वांपासून वेगळा आहे. तो टाइपस्क्रिप्ट भाषेत व रिॲक्ट या ग्रंथालयाच्या साहाय्याने लिहिलेला असून नोड.जेएसवर चालतो. त्याचा बहुतेक भाग सर्व्हरवर न चालता वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये उतरून तेथे चालतो. सर्व्हरचे मुख्य काम पाने व संरचनेची माहिती पुरविण्याचे असते. त्यानंतर कीस्टोन, बार्बिकन व एपीआय यांच्याशी ब्राउझर स्वतःच संवाद साधतो. मांडणीत येणाऱ्या बहुतेक अडचणींचा उगम ही बाब लक्षात न घेण्यात असतो.

## पूर्वतयारी

क्लाउडबेस सोल्युशन्सकडून मिळणाऱ्या तयार आभासी यंत्रात इतर घटकांसह कन्सोलही आधीच बसविलेला असतो; तेथे वेगळी मांडणी करावी लागत नाही. कन्सोलमध्ये बदल करावयाचे असतील, तो अन्य यंत्रावर चालवावयाचा असेल किंवा मंच मूळ स्रोतापासून उभारावयाचा असेल, तरच पुढील टप्पे आवश्यक होतात.

आरंभी चालू स्थितीतील कोरिओलिस, कीस्टोन व बार्बिकन यांची गरज असते. कन्सोलच्या यंत्रावर गिट, नोड.जेएस व यार्न ही पॅकेज हाताळणारी प्रणाली लागते. नोड.जेएसची कोणती आवृत्ती चालेल हे प्रकल्पाच्या माहितीपत्रकात दिलेले असते. जुन्या आवृत्तीवर बांधणी अर्धवट थांबते. बांधणीच्या वेळी अनेक पॅकेजे महाजालावरून उतरवून घेतली जातात. त्यामुळे बाहेरील जाळ्यापासून तोडलेल्या यंत्रावर कन्सोल चालवावयाचा असल्यास बांधणी अन्यत्र करून तयार संच तेथे न्यावा लागतो.

## मांडणीचे टप्पे

1. गिटच्या साहाय्याने प्रकल्पाची प्रत यंत्रावर उतरविणे.
2. मंचाचा पत्ता व पोर्ट क्रमांक पर्यावरण-चलांत नोंदविणे.
3. यार्नच्या ‘इन्स्टॉल’ आज्ञेने आवश्यक पॅकेजे आणणे.
4. यार्नच्या ‘बिल्ड’ आज्ञेने वापरायोग्य संच बांधणे.
5. यार्नच्या ‘स्टार्ट’ आज्ञेने सर्व्हर सुरू करणे.

कोणताही बदल न केल्यास कन्सोल 3000 क्रमांकाच्या पोर्टवर उपलब्ध होतो. ‘पोर्ट’ नावाच्या पर्यावरण-चलाने हा क्रमांक बदलता येतो. लिनक्सवर 1024 पेक्षा लहान क्रमांकाच्या पोर्टसाठी सामान्यतः विशेषाधिकार लागतात. म्हणून 443 हा सुरक्षित वेबचा पोर्ट कन्सोलला थेट देण्याऐवजी तो एनजिन्एक्ससारख्या मध्यस्थ सर्व्हरकडे ठेवण्याची पद्धत आहे.

‘स्टार्ट’ आज्ञा ज्या खिडकीत दिली ती बंद होताच कन्सोलही बंद पडू शकतो. नित्य वापरासाठी तो सिस्टमडीची सेवा म्हणून अथवा कंटेनरमध्ये चालवितात, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर कन्सोलही आपोआप सुरू होतो. सेवा म्हणून चालविताना पर्यावरण-चले सेवेच्या नोंदीत पुन्हा द्यावी लागतात; टर्मिनलमध्ये दिलेली चले तेथे पोचत नाहीत.

## मंचाचा पत्ता

‘कोरिओलिस यूआरएल’ या अर्थाच्या पर्यावरण-चलात मंचाचा मूळ पत्ता दिला जातो. कन्सोल त्यास निरनिराळे मार्ग जोडून कीस्टोन, बार्बिकन व एपीआय यांचे पत्ते तयार करतो. कन्सोल व मंच एकाच पत्त्यामागे असतील, तर हे चल देण्याची आवश्यकता उरत नाही.

हा पत्ता वापरकर्त्याच्या ब्राउझरला पोचता येईल असा असावा लागतो. कन्सोल व मंच एकाच यंत्रावर आहेत म्हणून तेथे 127.0.0.1 हा पत्ता दिला, तर त्या यंत्रावरील ब्राउझरमध्ये सर्व सुरळीत चालते. परंतु दुसऱ्या संगणकावरून पाहणाऱ्यास प्रवेशाचे पान दिसते आणि प्रवेश मात्र मिळत नाही. याचे कारण सरळ आहे: 127.0.0.1 म्हणजे ‘हेच यंत्र’, आणि ब्राउझरच्या दृष्टीने ‘हेच यंत्र’ म्हणजे वापरकर्त्याचा स्वतःचा संगणक.

दुसरी अडचण ब्राउझरच्या ‘समान उगम’ या नियमातून येते. एका पत्त्यावरून आलेल्या पानाने दुसऱ्या पत्त्यावरील उत्तर वाचावयाचे असेल, तर त्या दुसऱ्या सर्व्हरने तशी स्पष्ट अनुमती द्यावी लागते. पत्त्याची पद्धत, यजमानाचे नाव व पोर्ट या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच उगम समान मानला जातो. केवळ पोर्ट भिन्न असला तरी तो वेगळा ठरतो. सर्व सेवा एका मध्यस्थ सर्व्हरमागे, एकाच नावाखाली ठेवणे हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे.

## सुरक्षितता

मेघसेवेची नोंद करताना तिचा परवलीचा शब्द वापरकर्ता कन्सोलमध्ये टंकतो. तो ब्राउझरमधून बार्बिकनकडे जातो आणि कोरिओलिसकडे केवळ त्या गुपिताचा संदर्भ राहतो. साठवण अशी सुरक्षित असली, तरी ब्राउझरपासून बार्बिकनपर्यंतचा प्रवास साध्या एचटीटीपीवरून झाल्यास त्या जाळ्यावर पाळत ठेवणाऱ्या कोणासही तो शब्द वाचता येतो. म्हणून चाचणीपुरता अपवाद वगळता टीएलएस प्रमाणपत्राविना कन्सोल वापरणे धोक्याचे आहे.

टीएलएस अर्धवट लावल्यासही काम अडते. पान एचटीटीपीएसवरून आणि सेवा एचटीटीपीवरून असतील, तर ब्राउझर त्या मागण्या अडवितो. स्वयंस्वाक्षरित प्रमाणपत्राबाबत पान उघडताना इशारा दिसतो व तो मान्य करता येतो. मात्र सेवा वेगळ्या पत्त्यावर असतील तर पार्श्वभूमीतील मागण्यांसाठी असा इशारा न दिसता त्या थेट अयशस्वी होतात. संस्थेच्या अंतर्गत प्रमाणपत्र-प्राधिकरणाचे अथवा सार्वजनिक मान्यतेचे प्रमाणपत्र वापरल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

कन्सोलमध्ये प्रवेश मिळालेल्या व्यक्तीस, तिला दिलेल्या प्रकल्पाच्या मर्यादेत, स्रोत व लक्ष्य या दोन्ही मेघसेवांवर कामे चालविता येतात. त्यामुळे कन्सोल खुल्या महाजालावर न ठेवता संस्थेच्या अंतर्गत जाळ्यात किंवा व्हीपीएनमागे ठेवणे, प्रत्येकास स्वतंत्र सदस्यनाम देणे आणि मेघसेवांवरील खात्यांना स्थलांतरापुरतेच अधिकार देणे इष्ट असते. स्थलांतर संपल्यावर त्या खात्यांचे अधिकार काढून घेणे हाही कामाचाच एक भाग आहे.

## पडताळणी

मांडणी पूर्ण झाल्यावर कन्सोल टप्प्याटप्प्याने तपासला असता बिघाड कोणत्या घटकात आहे हे ओळखता येते.

* पान उघडत नाही – नोड.जेएसचा सर्व्हर बंद आहे, अथवा पोर्ट फायरवॉलने अडविला आहे.
* पान उघडते, प्रवेश मिळत नाही – सदस्यनाम व परवलीचा शब्द बरोबर असल्यास ब्राउझर कीस्टोनपर्यंत पोचत नाही. पत्ता, समान उगमाचा नियम व प्रमाणपत्र तपासावे.
* प्रवेश मिळतो, याद्या दिसत नाहीत – कोरिओलिसच्या एपीआय सेवेचा मार्ग चुकला आहे, किंवा सदस्यास प्रकल्पात भूमिका दिलेली नाही.
* मेघसेवेची नोंद जतन होत नाही – बार्बिकनशी संपर्क होत नाही.
* नोंद जतन होते, पण तिची चाचणी अयशस्वी ठरते – वर्करला त्या मेघसेवेपर्यंत पोचता येत नाही, अथवा दिलेली किल्ली चुकीची आहे.

शेवटच्या प्रकारात वापरकर्त्याची विशेष दिशाभूल होते. मेघसेवेचे पान स्वतःच्या ब्राउझरमध्ये उघडत असल्याने जोडणी ठीक आहे असे त्यास वाटते. प्रत्यक्षात ही चाचणी ब्राउझर घेत नसून वर्कर घेतो. त्यामुळे फायरवॉलमधील वाट वर्करच्या यंत्रासाठी खुली असावी लागते.

## कन्सोलवरील कामाचा क्रम

प्रथम स्रोत व लक्ष्य अशा दोन्ही मेघसेवांची नोंद करून त्यांची चाचणी घेतात. त्यानंतर न्यावयाची आभासी यंत्रे निवडली जातात. स्रोताकडील प्रत्येक जाळे लक्ष्याकडील कोणत्या जाळ्याशी जुळवावयाचे, डिस्क कोणत्या साठवणीत ठेवावयाची, हे ठरवून काम सुरू करतात. कोरिओलिस आवश्यकतेनुसार मेघसेवेत तात्पुरती साहाय्यक यंत्रे उभी करून त्यांच्यामार्फत डिस्कवरील डेटा हलविते.

मोठ्या यंत्रांबाबत डेटा वेळापत्रकानुसार पुन्हा पुन्हा जुळवून घेण्याची पद्धत उपयोगी पडते. 500 जीबी डेटा प्रतिसेकंद 100 मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून न्यावयाचा झाल्यास वेग अखंड राहूनही 11 तासांहून अधिक काळ लागतो. इतका वेळ रुग्णालयाची अथवा विद्यापीठाची सेवा बंद ठेवता येत नाही. म्हणून पहिल्या फेरीत संपूर्ण डिस्क आणि पुढील फेऱ्यांत, स्रोत मंचाची तशी सोय असल्यास, केवळ बदललेला भाग पाठविला जातो. अखेरीस मूळ यंत्र थांबवून शेवटची लहान फेरी पूर्ण केली जाते व नवे यंत्र सुरू होते. बंद राहण्याचा काळ त्यामुळे पुष्कळ घटतो.

## मर्यादा

कन्सोल हे स्थलांतराचे साधन नसून त्याचे नियंत्रणस्थान आहे. डिस्कवरील डेटा कन्सोलमधून जात नाही. म्हणून कन्सोलच्या यंत्राची क्षमता वाढविल्याने स्थलांतराचा वेग वाढत नाही. त्याचप्रमाणे ब्राउझर मिटला, टोकनाची मुदत संपली अथवा कन्सोलचा सर्व्हर बंद पडला, तरी सुरू झालेले काम कंडक्टर व वर्कर यांच्याकडे चालूच राहते. पान दिसत नाही म्हणून तेच काम दुसऱ्यांदा सुरू करणे टाळावे. कन्सोल पूर्ववत होताच आधीच्या कामाची स्थिती तेथे दिसते.

कन्सोलवर काम ‘पूर्ण’ दिसणे म्हणजे यंत्रावरील सेवा योग्य रीतीने चालू असणे नव्हे. डेटाबेस, नावनोंदणीचे पत्ते, परवाने व इतर यंत्रांशी असलेले संबंध यांची तपासणी त्या सेवेची माहिती असणाऱ्यांनाच करावी लागते. ती होईपर्यंत मूळ यंत्र केवळ बंद ठेवावे, नष्ट करू नये.

## हेही पाहा

* मेघ संगणन
* आभासी यंत्र
* ओपनस्टॅक
* मुक्तस्रोत संगणकप्रणाली