शेपटीवर जाऊ नका

"डॉक्टर, शेपटी हलवतोय, काही करणार नाही," असं मालक म्हणाला की मी आधी हात मागे घेते. शेपटी हलतेय म्हणजे कुत्र्याच्या मनात खळबळ आहे, एवढंच. कमरेपासून अख्खं अंग डोलवणारी सैल शेपटी वेगळी आणि ताठ उभी राहून टोकाशी थरथरणारी वेगळी. 2007 साली इटलीतल्या संशोधकांनी 30 कुत्र्यांचं चित्रीकरण केलं. मालक दिसला की शेपटी उजवीकडे जास्त झुकायची, अनोळखी दांडगट कुत्रा दिसला की डावीकडे. छान आहे, पण हातात सिरिंज असताना असं मोजमाप कोण करणार?

मी तोंड बघते. टेबलावर चढवलेला लॅब्राडोर समोर खाऊ नसताना नाक चाटतो. झोप नसताना जांभई देतो. लोक हसतात, "कंटाळला बघा!" मग तो तोंड फिरवतो, नजर मात्र माझ्यावरच, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसू लागते. शेवटी धापणं थांबतं, तोंड मिटतं आणि अंग दगडासारखं होतं. मालकाला वाटतं, शहाणा झाला. दात लागतात ते याच क्षणी.

त्याआधी तो गुरगुरला तर उपकारच म्हणायचे. पण घरोघरी गुरगुरण्याबद्दल फटका मिळतो. मार खाऊन कुत्रं गुरगुरणं सोडतं, भीती सोडत नाही. मग ते न सांगता चावतं.

मांजराचं गणित निराळं. शेपटी उभी धरून आलं तर स्वागत, मांडीवर बसून शेपटी आपटू लागलं तर पुरे झालं. घुरघुरीवर फार भिस्त ठेवू नका, पाय मोडलेलं मांजरही माझ्या टेबलावर घुरघुरतं. टक लावून बघणं त्याला धमकी वाटते. त्याऐवजी डोळे बारीक करून सावकाश मिटा, उघडा. मालकांनी असं केल्यावर मांजरंही डोळे बारीक करतात, असं 2020 मध्ये ब्रिटिश संशोधकांना आढळलं. मी टोपलीचं झाकण उघडून तसंच करते. नातेवाईक माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात, ते चालायचंच.

आणि एक. नातवानं कुत्र्याला मिठी मारलेला फोटो मोबाइलमध्ये असेलच. नातवाला सोडून कुत्र्याचे कान आणि डोळे बघा.